तेवीस दुकानांची सावली

क्षमावणीला निपाणीत क्षमा मागणारे पुष्कळ आणि देणारे त्याहून पुष्कळ. नेमकं काय चुकलं ते सांगणारा मात्र सहसा सापडत नाही. दशलक्षणाचे दहा दिवस संपले की सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायचं, भेटेल त्याला हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं आणि घरी येऊन नाष्ट्याला बसायचं. जुनी भांडणं दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोकळी. अभिनंदन मगदूमनंही एकतीस वर्षं हा सण असाच निभावला होता. त्या रविवारी तो बस्तीतून परतला, गाडी स्टँडवर लावली, आणि ओमकारचा फोन आला.

ओमकार बेळगावात अनगोळला राहायचा आणि घराच्या माळ्यावर बसून पुण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइटी बांधायचा. अभिनंदन तेच काम निपाणीत बसून करायचा. दोघांची ओळख फोनवरची, मैत्री मात्र शिव्या देण्याइतकी जुनी.

“अभ्या, तुझी दुकानं अजून जुन्याच ब्राउझरवर हाईत?”

“आधी उत्तम क्षमा म्हण की, लेका.”

“क्षमा ऱ्हाऊ दे. हाईत का न्हाईत?”

“हाईत. का रं?”

“त्या आवृत्तीत भोक सापडलंय. एखादं वाईट पान नुसतं उघडलं की पुरे, शेजारच्या टॅबमध्ये काय चाललंय ते सगळं बाहेर जातंय. नव्या आवृत्तीत गेल्या महिन्यातच बुजवलंय. पण हे भोक वापरायचं कसं, ते काल कुणीतरी उघड लिहून टाकलंय. आता कुठलंबी शाळकरी पोरगं करू शकतंय. ज्यानं अपडेट घेतलंय त्याला काय न्हाय. ज्यानं घेतलं न्हाय…”

ओमकार थांबला. त्याच्यासारखा बोलघेवडा माणूस मध्येच थांबला की समजावं, पुढचं वाक्य आपल्याविषयी आहे.

“कुलूप तू लावलंयस,” तो म्हणाला. “तूच काढ. आणि आजच.”

हे कुलूप काय होतं, ते आधी सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी अभिनंदननं एक एक्स्टेन्शन लिहिलं होतं. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचं ठिगळ. नाव ‘सावली’. सरकारी अर्ज कन्नडमध्ये उघडला की प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरांत त्याची मराठी उमटायची. कर्नाटकातल्या या निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात कन्नड बोलता येत नाही असा माणूस विरळा. पण मराठी शाळेत शिकलेल्याला कन्नड वाचायला लावलं की तो चष्मा पुसू लागतो. शाळेत कन्नड होतं, पण पस्तीस मार्कांपुरतं. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत सावली भराभर पसरली. निपाणी, कोगनोळी, अक्कोळ, चिकोडी, तिकडे बेळगावजवळ कंग्राळीपर्यंत, सगळी मिळून तेवीस दुकानं. अर्जातला एखादा रकाना बदलला की अभिनंदन आपल्या सर्व्हरवर दुरुस्ती करायचा, आणि तेवीस ठिकाणची सावली दहा मिनिटांत आपोआप सुधारायची. त्याला या गोष्टीचा फार अभिमान होता.

आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं नेमकी हीच गोष्ट बंद करायची ठरवली. यापुढे एक्स्टेन्शननं बाहेरून कोड आणायचा नाही. जे काय असेल ते आत बांधून, तपासून घेऊन द्यायचं. जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनं बंद पडणार, असं तिनं फार आधीपासून जाहीर केलं होतं.

‘बेळगाव वेब मंडळी’ या व्हॉट्सअ‍ॅप गटात तेव्हा एकशेचाळीस डेव्हलपर होते. ज्यांनी आयुष्यात एकही एक्स्टेन्शन लिहिलं नव्हतं, ते सगळ्यात जास्त चिडले. ज्यांचं जाहिराती अडवणारं ठिगळ मरणार होतं, त्यांनी दुसऱ्या ब्राउझरवर जायची शपथ घेतली आणि सोमवारी त्याच ब्राउझरवर कामाला बसले. एकानं कंपनीच्या नावे मोठं पत्र लिहिलं आणि ते कंपनीला सोडून सगळ्यांना पाठवलं. दोघाचौघांनी आपला कोड निमूटपणे नव्या पद्धतीत बदलून टाकला. ते गटात काही बोललेच नाहीत. त्यामुळे त्यांना अंगठेही मिळाले नाहीत.

अभिनंदन बोलला, आणि भरपूर बोलला. ‘अक्कोळच्या बाईनं अर्ज कसा वाचायचा हे सातासमुद्रापलीकडं बसून ठरवणारे तुम्ही कोण?’ अशी सुरुवात असलेली त्याची पोस्ट वाचायला बोट चार वेळा सरकवावं लागायचं. शहाण्णव अंगठे पडले. रागानं लिहिलेल्याला शहाण्णव अंगठे पडले की तो राग माणसाला पुढं पाळावा लागतो. नवी सावली लिहायला दोन आठवडे पुरले असते. ती त्याच्या लॅपटॉपमध्ये अर्धवट पडून राहिली. त्याऐवजी मे महिन्यात त्यानं एक चिमुकली फाइल लिहिली. ती चालवली की ब्राउझरचं अपडेट कायमचं बंद. ती त्यानं तेवीस दुकानांत दिली, काही ठिकाणी तर स्वतः जाऊन बसवली आणि वर चहा पिऊन आला.

तेच हे कुलूप.

त्या तेवीस कॉम्प्युटरांवर दिवसभर काय उघडं असतं, ते अभिनंदनला पाठ होतं. आधार, पासबुक, जमिनीचा उतारा, मोबाइलवर आलेला ओटीपी. त्यात पावसानं गेलेल्या सोयाबीनच्या नुकसानीचे अर्ज चालू होते आणि सोमवार शेवटची तारीख होती. म्हणून रविवार असूनही झाडून सगळी दुकानं उघडी. कुलूप काढलं की ब्राउझर नवा होणार आणि त्याच क्षणी सावली मरणार. सावली ठेवली तर गावोगावच्या माणसांची कागदपत्रं उघड्या दारात.

त्यानं लॅपटॉप उघडला. कुठली सावली कुठल्या ब्राउझरवर चालते आहे, याची यादी त्याच्या सर्व्हरवर सतत दिसायची. तेवीस ओळी, तेवीसही जुन्या. एखादं दुकान सुधारलं की तिथली सावली मरेल आणि ती ओळ यादीतून पुसली जाईल. म्हणजे आजच्या दिवशी यादी रिकामी होणं हेच यश. आपण लावलेलं झाड आपणच तोडायचं, आणि कुऱ्हाड नीट चालते आहे की नाही हेही आपणच बघायचं.

कुलूप काढणारी फाइल लिहायला दहा मिनिटं लागली, संदेश लिहायला पाऊण तास. एवढ्यानं काय होतंय, असं एक मन म्हणत होतं. ‘महत्त्वाची सुधारणा, कृपया चालवा’ एवढंच लिहिलं तरी भागेल, स्वतःचं नाव कशाला घ्या? ते त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी दुकानदारांच्या गटात जे गेलं ते असं: ‘उत्तम क्षमा. यंदा रीत म्हणून म्हणत नाही. मे महिन्यात मी तुमच्या ब्राउझरचं अपडेट बंद केलं, ती माझी चूक होती. त्यामुळे तुमच्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं धोक्यात आहेत. सोबतची फाइल आजच्या आज चालवा. सावली बंद पडेल. नवी मी दोन आठवड्यांत देतो.’

नऊ वाजून दहा मिनिटांनी संदेश गेला. सव्वानऊला पहिलं उत्तर आलं. ‘उत्तम क्षमा’ आणि जोडलेले हात. मग दुसरं, मग तिसरं. कुणी कमळाचं चित्र पाठवलं, कुणी मावळत्या सूर्यासमोर ध्यानाला बसलेल्या मुनींचं. कंग्राळीचा भावकू जैन नव्हे, पण शिष्टाचारात मागं राहणारा गडी नव्हे. त्यानं तर हातांच्या पाच जोड्या पाठवल्या. साडेनऊपर्यंत एकोणीस दुकानांनी अभिनंदनला उदार मनानं क्षमा केली.

यादीत ओळी तेवीस.

दहा वाजले. तेवीस. पाणी तापायला ठेवलेल्या भांड्याकडे बघावं तसा तो पडद्याकडे बघत होता. मग त्याला सुचलं, सावली अजून आपल्या हातात आहे, तिच्यातूनच सांगू. ब्राउझर बदलणं सावलीच्या आवाक्यातलं नव्हतं, पण पाटी लावणं होतं. त्यानं तेवीस ठिकाणच्या अर्जांवर एक लाल पट्टी सोडली: ‘धोका. गटावरचा संदेश वाचा.’ पाच मिनिटांत तीन फोन आले. तिघांचंही एकच म्हणणं. “लाल पट्टी आलीया बघ. ती तेवढी काढ, खालचं बटण दिसंना.”

आप्पा, म्हणजे अभिनंदनचे वडील पार्श्वनाथ, दारातल्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं माल पारखलेला माणूस. पान नाकाजवळ नेऊन कुठल्या रानातलं ते सांगायचे. पोरगा कुठं अडलाय हे ओळखायला त्यांना नाकही लागत नव्हतं.

“काय लिवलंस ते वाच बघू.”

अभिनंदननं वाचून दाखवलं.

“चूक झाली तुझी.”

“ते तर लिहिलंयच की, आप्पा.”

“ती न्हवं. क्षमा आधी लिवलीस, चूक मागनं. आजच्या दिवशी उत्तम क्षमा म्हटल्यावर फुडचं कोण वाचतंय? मीसुद्धा सकाळपास्नं चाळीस जणांस्नी केली. कशाबद्दल केली, इचार मला.” ते उठले. “नाव घेऊन सांग एकेकाला. आधी चूक. क्षमा मागनं, वेळ उरला तर.”

अभिनंदननं फोन उचलला. पहिला लावला तो कोगनोळीच्या रविराजला.

“अरे केली की रं क्षमा! नऊ वाजताच केली.”

“रविराज, मी तुझ्या कॉम्प्युटरचं वाटोळं केलंय.”

तिकडचा गलका एकदम लांब गेला. रविराज दुकानाबाहेर आला असावा.

“कवा?”

“मे महिन्यात.”

“आणि आता सांगालायस?”

अभिनंदननं सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचा आवाज त्याला परका वाटत होता. शहाण्णव अंगठ्यांच्या पोस्टमध्ये हा आवाज कुठंच नव्हता.

“म्हंजे माझ्याकडं कागद दिलेल्या माणसांचं काय गेलं असलं तर त्ये तुझ्यामुळं,” रविराज सावकाश म्हणाला. “आणि नाव माझं.”

“व्हय.”

“आणि उद्या शेवटची तारीख. सावली न्हाय म्हटल्यावर मी अर्ज काय अंदाजानं भरू? का तुला फोन लावून वाचून घेऊ?”

“लाव की. मी वाचतो.”

हे तो घाईत बोलून गेला. पण रविराजनं ते पक्कं धरलं. “बघ हां, मी सकाळी आठला लावणार,” म्हणाला, आणि फाइल चालवली. दहा मिनिटांनी यादीत बावीस ओळी उरल्या.

मग एकामागून एक फोन. क्षमा पटकन करणारी माणसं चूक ऐकून घ्यायला मात्र फार वेळ घेतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. एकानं विचारलं, हे फुकट आहे ना? एकानं सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरला काही होत नाही, मी रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळतो. एक जण सगळं ऐकून म्हणाला, “आमचं अपडेट बंदच हुतं, तुझ्या आधीपास्नं.” चिकोडीचा नागेंद्र म्हणाला, “मला सावली लागतच न्हाय ओ, मी कन्नडच वाचतो. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलीय.”

“मग आत्ताच फाइल चालवा की.”

“आयतु, आयतु,” नागेंद्र म्हणाला. आयतु म्हणजे झालं, पण ते झाल्यावरच म्हणतात असं नाही. “जेवून करतो.”

तरीही ओळी गळत होत्या. एकोणीस, पंधरा, बारा. साडेबाराला नऊ. प्रत्येक ओळ पुसली गेली की त्याला हायसं वाटायचं आणि आत कुठंतरी टोचायचंही. एक वाजता यादी झपकन खाली आली. सात, पाच, तीन. अभिनंदन खुर्चीतून उठला, ओमकारला फोन लावला. “वीस झाली! तीनच उरली!”

“इतक्यात?” ओमकारला संशय आला. “वाजले किती?”

अभिनंदनला तेव्हाही कळलं नाही. कळलं ते अडीच वाजता, जेव्हा एकेक ओळ पुन्हा उगवायला लागली. चार. सहा. आठ. माणसं दुकान बंद करून जेवायला गेली होती, एवढंच. कॉम्प्युटर बंद म्हणजे सावली बंद, आणि सावली बंद म्हणजे ओळ नाही. तो दीड तास दुसऱ्यांच्या जेवणावर खूश होऊन बसला होता. नागेंद्रची ओळ पोट भरून सगळ्यात शेवटी आली. नऊच्या नऊ परत.

एवढा वेळ फुकट गेला होता. आता तो तोंडी ‘झालं’ ऐकायला तयार नव्हता. “आवृत्तीच्या आकड्याचा फोटो पाठवा,” एवढंच म्हणायचा. नागेंद्रनं आधी जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला, मग आकड्याचा.

भावकू फोनच घेत नव्हता. ओमकार अनगोळहून गाडी काढून कंग्राळीला गेला आणि तिथून ओरडला, “हे भावकू मला चहा पाजालाय, पण माऊसला हात लावू देईना! म्हणतंय, ज्यानं कुलूप लावलं त्यानं सांगू दे.”

“दे त्याला फोन.”

भावकूनं सगळं ऐकलं. “हे सकाळीच नीट सांगितलं असतंस तर?” म्हणाला.

“सांगितलं हुतं. तू पाच येळा हात जोडलास.”

“ते व्हय?” भावकू म्हणाला. “मला वाटलं तुमच्यातला सण हाय.” आणि माऊस ओमकारकडे सरकवला.

साडेचारला यादीत एकच ओळ उरली. राजमती ऑनलाइन सेंटर, अक्कोळ. राजमती आक्का फोन उचलत नव्हत्या. ओळ मात्र जिवंत होती, म्हणजे कॉम्प्युटर चालू होता. अभिनंदननं सकाळच्या उत्तरांत पाहिलं. त्यांनी क्षमा केली नव्हती. जोडलेले हात नाहीत, कमळ नाही, काहीच नाही. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र त्यांच्या नावापुढं होत्या.

तो गाडीवर बसला.

अक्कोळच्या त्या दुकानासमोर दहा-बारा माणसं उभी होती. पन्नाशीच्या राजमती आक्का काउंटरमागं ताठ बसून एका म्हाताऱ्याचं आधार वहीत टिपून घेत होत्या. पडद्यावर अर्ज, रकान्यांखाली सावलीची बारीक मराठी, आणि वर ती लाल पट्टी. अभिनंदनला बघून त्या हसल्या नाहीत.

“आलास? ये. सकाळपास्नं वाट बघालोय.”

“फोन का उचलला न्हाईसा, आक्का?”

“फोनवर ऐकायची गोष्ट हाय व्हय ती? संदेश वाचला मी. दोन येळा वाचला.”

“मग फाइल का चालवली न्हाईसा?”

“तू यावंस म्हणून.”

त्यांनी म्हाताऱ्याला बाकावर बसवलं आणि पडदा अभिनंदनकडे वळवला. वरती टॅबांची रांग होती. त्यांनी एका टॅबवर बोट टेकवलं. ‘नुकसान भरपाई यादी: आपलं नाव पहा.’ पत्ता कुठलाच ओळखीचा नव्हता. खाली जाहिरातीच जाहिराती.

“हे काय हाय ते सांग.”

अभिनंदन पडद्यावर वाकला. “कवा उघडलं हे?”

“काल सकाळी. कुणाच्यातरी फोनवर आलतं, नाव हाय का बघा म्हणाला. नाव न्हवतं. टॅब तसाच ऱ्हायला.”

“कालपास्नं उघडाच हाय?”

“व्हय. आज तुझा संदेश वाचला आणि हात लावायला भ्यालो. बंद केला तर काय गेलं ते कळायचं न्हाय, म्हणून ठेवला. तवापास्नं अर्जबी भरला न्हाय, नुसतं वहीत टिपालोय.”

त्यानं केबल ओढली. इंटरनेट गेलं, बाहेरची माणसं कुजबुजली. मग त्यानं ते पान आतून उघडून तपासलं. खालपर्यंत कोड होता, दाटीवाटीचा, मुद्दाम गिचमिड केलेला. जाहिरातवाले असलंच लिहितात. चोरही असलंच लिहितात. पंधरा मिनिटं तो डोळे फाडून बघत राहिला, मग त्यानं माऊस सोडला.

“कळंना, आक्का.”

“म्हंजे?”

“नुसत्या जाहिराती असतील. न्हायतर दुसरंबी असंल. बघून कळत न्हाय. कदाचित कधीच कळणार न्हाय.”

राजमती आक्कांनी वही उघडली. काल सकाळपासून अर्ज भरून गेलेल्यांची नावं, गाव आणि फोन. बोट खालपर्यंत गेलं. “अठ्ठावन्न,” त्या म्हणाल्या.

अभिनंदननं कुलूप काढलं, केबल जोडली, ब्राउझर नवा केला. पडदा मिटून पुन्हा उघडला तेव्हा अर्ज कोरा कन्नडमध्ये उभा होता, खाली काही नाही. खिशातल्या फोनवर यादी रिकामी झाली. सकाळपासून ज्या क्षणासाठी तो धावत होता, तो आला तेव्हा त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

“तेवीस झाली, आक्का. सगळी झाली.”

“तुझी तेवीस झाली.” त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. “हे कवा करणार? माझी क्षमा मागितलीस, ठीक. पण कागद माझं न्हवतं. ह्यांचं हुतं. ह्यांस्नी कोण सांगणार? मी सांगू, का तू?”

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. “दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन घे,” आक्का म्हणाल्या. “सकाळपास्नं काय खाल्लेलं दिसंना. आणि उद्या साडेसातला हितं ये. निम्मी माणसं तशीबी पक्की पावती न्यायला येणार हाईत. ऱ्हायलेल्यास्नी मी बोलावतो.”

त्या संध्याकाळी अभिनंदननं डेव्हलपरांच्या गटात एकच ओळ टाकली: ‘कंपनीविरुद्धच्या माझ्या पोस्टला ज्यांनी अंगठा दिला, त्यांनी तो काढून घ्यावा, त्या रागात दुकानांचं अपडेट बंद करणं ही माझी चूक होती.’ तीन अंगठे पडले. दोघांनी विचारलं, कुठली पोस्ट?

सोमवारी साडेसातला तो राजमती आक्कांच्या काउंटरमागं बसला होता. एका कानात फोन. आठाच्या ठोक्याला रविराज फोनवर आला, त्यामागून एकाच कॉलवर आणखी सतरा दुकानं. “तिसरा रकाना काय हाय रं?” “सर्व्हे नंबर.” “त्याच्या शेजारचा?” “पिकाखालचं क्षेत्र, गुंठ्यात.” काल मेलेल्या सावलीचं काम तो आता तोंडानं करत होता, आणि एवढ्या दुकानांना एकाच वेळी पुरत नव्हता. दुसऱ्या कानानं समोरच्या माणसाला ऐकायचं होतं.

समोर पहिली होती मनुबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत परवाची कच्ची पावती. आक्कांनी सांगितलं, ह्याचं ऐकून घे. अभिनंदननं फोन गप्प केला आणि सांगितलं. माझ्यामुळं हा कॉम्प्युटर चार महिने उघडा होता. परवा तुमचं आधार आणि पासबुक त्यावर होतं. बँकेत जाऊन पिन बदला, ओटीपी कुणालाही सांगू नका, आधार तात्पुरतं बंद ठेवता येतं, ते मी आत्ता करून देतो.

मनुबाईनं मान हलवली नाही की हात जोडले नाहीत. “मग माझं काय गेलं?”

“ठाऊक न्हाय.”

“कळणार कवा?”

“कदाचित कधीच न्हाय.”

“गेलं असंल तर?”

मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. मनुबाईनं पिशवीतून पावती काढली, उलटी केली आणि काउंटरवर ठेवली.

“लिव.”

“काय?”

“तुझं नाव. बापाचं नाव. गल्ली कुठली, घर कुठलं. फोन. काय झालं तर मी कुठं यायचं ते लिव.”

त्यानं लिहिलं. अभिनंदन पार्श्वनाथ मगदूम. गल्ली. घर. फोन. मनुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मागच्या माणसाकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं, घडी केली आणि कमरेला खोचली. मग आधार पुढं ठेवलं. “कर आता बंद.”

मागच्या माणसानं आपली पावती आधीच उलटी करून धरली होती. त्याच्या मागच्यानंही. कानातल्या फोनमध्ये रविराज ओरडत होता, पाचवा रकाना, पाचवा. अभिनंदननं फोन पुन्हा बोलता केला, “बँकेची शाखा,” म्हणाला, आणि दुसऱ्या पावतीवर आपलं नाव लिहायला घेतलं.